ग्रामपंचायतीचा कर्बसंकल्प आणि उसाचें पाचट

2020 सालीं सुरू झालेल्या 'माझी वसुंधरा' अभियानानें भूमि, वायु, जल, अग्नि व आकाश यांच्या रक्षणाचें कार्य ग्रामपंचायतींकडे सोंपविलें. सातारा जिल्ह्यांतील मान्याचीवाडी 2024 सालीं सौरग्राम झाली. तथापि शिरवळकडे नीराकांठीं पंचायतीनें सौरदिवे लावावे आणि बागाइतदारानें तोडणीनंतर फड पेटवावा, तर कर्ब घटणार कसा? हेक्टरीं 8 ते 10 टन पाचट निघतें; तें जाळल्यास त्यांतील कर्ब व नत्र धुरावाटे जातात. यास्तव बंधूंनीं खोडव्याचे बुडखे मोकळे ठेवून पाचट सरींत पसरावें. त्यावर हेक्टरीं 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट व 10 किलो कुजविणारें जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यावें. पाचट कुजून जमिनीचा कस वाढतो, ओलही टिकते. पंचायतीचा ठराव सिद्धीस जावयाचा तो आपल्याच शेतांत.