अंगणातील तांबडा सुगंधी गुलाब

गुलाब म्हटले की लाल रंग आणि सुगंध या दोन गोष्टी मनात एकदमच येतात. प्रत्यक्षात मात्र त्या दोहोंची गाठ नेहमी पडतेच असे नाही. रोपवाटिकेतून हौसेने आणलेले रोप फुलते, फूल टपोरे येते, रंगही मनाजोगता असतो. पण नाकाशी नेले तर वास नाही! अंगणात जेमतेम दोन-तीन झाडांपुरती जागा असली म्हणजे ही निराशा पुढे कित्येक वर्षे पुरते. म्हणून आधी निवड, मग लागवड.

हा वास जातो कोठे? फुलबाजारासाठी नव्या जाती तयार करताना लांब दांडा, घट्ट कळी आणि टिकाऊपणा यांकडे अधिक लक्ष दिले गेले. सुगंध मागे पडला. २०१५ साली फ्रान्समधील संशोधकांनी 'पापा मेयां' ही सुगंधी आणि 'रूज मेयां' ही वासहीन अशा दोन लाल जातींची तुलना केली. पहिलीच्या पाकळ्यांत एक विशिष्ट विकर जोमाने काम करताना आढळले. गुलाबाच्या वासातील जिरॅनिऑल हे द्रव्य तयार होण्यात त्याचा वाटा असतो. तात्पर्य, वास हा मुळात जातीचा गुण आहे. वासहीन जातीला कितीही शेणखत घाला, ती सुगंधी होणार नाही.

मग कोणती जात घ्यावी? झुडूप म्हणून वाढवायचे तर 'ग्रूस आन टेप्लिट्झ' उत्तम. ऑस्ट्रिया-हंगेरीतील रुडॉल्फ गेशविंट यांची ही निर्मिती १८९७ साली बाजारात आली. चिनी गुलाबाचा वारसा असल्यामुळे ती उष्ण हवेत पुनःपुन्हा फुलते. फुले लहान व मान टाकणारी, त्यामुळे फुलदाणीत शोभत नाहीत. परंतु वास भरपूर. मोठेच फूल हवे असेल तर 'क्रिमसन ग्लोरी' (१९३५) किंवा 'पापा मेयां' (१९६३) निवडावी. मात्र 'पापा मेयां'वर भुरी लवकर पडते, हे ध्यानात ठेवावे. चिठ्ठीवरील नावावर विसंबू नये. रोप फुलावर असताना, सकाळच्या वेळी, स्वतः वास घेऊनच खरेदी करावे. उन्हे चढली की वास उडून जातो.

लागवड पावसाळा ओसरताना करावी. जागेला निदान पाच-सहा तास ऊन हवे. सुमारे दीड-दोन फूट खोल खड्डा घेऊन त्यात माती, कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड भरावी. काळ्या मातीत पाणी साचते. तेथे वाळू किंवा मुरूम मिसळून वाफा उंच करावा. डोळा भरलेला सांधा मातीत गाडू नये. त्या सांध्याखालून, म्हणजे खुंटापासून, फुटलेला धुमारा मुळाशीच काढून टाकावा; नाही तर जंगली खुंट माजतो आणि कलम मरते. "गुलाब रानटी झाला" असे लोक म्हणतात, ते यामुळेच.

छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर करतात. वाळक्या व रोगट फांद्या हिरव्या भागापर्यंत कापून त्या जागी बोर्डो मलम लावावे. छाटणीनंतर साधारणपणे सहा-सात आठवड्यांत फुले येऊ लागतात. उन्हाळ्यात पानांच्या मागील बाजूस पाण्याचा फवारा मारला तर लाल कोळी आटोक्यात राहतो.

प्रदर्शनात बक्षीस मिळविणारे झाड आणि घर सुवासाने भरणारे झाड एकच असेल असे नाही. आपल्याला कोणते हवे, हे खड्डा खणण्यापूर्वी ठरवावे.