ऋतूचे पदार्थ सोडायचे कशाला?

प्रश्न : सासूबाईंना मधुमेह आहे, यजमानांना रक्तदाब. उन्हाळ्यातलं पन्हं, पावसातली भजी, संक्रांतीची गुळपोळी हे सगळं बंद करायचं का? साखरेऐवजी गूळ चालेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बंद काही करू नका, कृती आणि प्रमाण बदला. मात्र गूळ हीसुद्धा मुख्यतः साखरच. रक्तातली साखर गुळानेही वाढते.

उन्हाळा : सासूबाईंसाठी पन्हं न करता कैरीचा गर, जिरेपूड, पुदिना घालून बिनगोडाचं सार करा. आमरसाची वाटी भरण्यापेक्षा जेवणात आंब्याच्या दोन-तीन फोडी द्या आणि त्या वेळी पोळी कमी वाढा.

पावसाळा : भज्यांऐवजी अळूवडी किंवा कोथिंबीरवडी वाफवून घ्या आणि तव्यावर चमचाभर तेलात खरपूस परता. ५ मिली तेलात साधारण ४० कॅलरी असतात. तळणीत किती तेल मुरतं ते कळतही नाही.

हिवाळा : भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी निर्धास्त करा, लोण्याचा गोळा तेवढा लहान ठेवा. गुळपोळी चतकोर पुरे.

यजमानांसाठी मीठ महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. यात लोणचं, पापड, फरसाणही आलं. भाकरीच्या पिठात मीठ नको. लिंबू, कोकम, ओल्या मिरचीने चव येते.

सासूबाईंच्या गोळ्या चालू असतील, तर भात-पोळी एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. साखर फार उतरू शकते.