पाऊस बिघडला म्हणून गाव सुटतं का?

प्रश्न : आमच्या भागातली माणसं माझ्या आजोबांच्या काळापासून ऊसतोडीला जातात. मग आता या स्थलांतराला हवामान बदलाचं कारण का जोडतात?
— एक वाचक, भूम (जि. धाराशिव)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. धाराशिव जिल्हा मुळातच पर्जन्यछायेतला. 1972 च्या दुष्काळात इथली माणसं पोटासाठी बाहेर पडली, तेव्हा हवामान बदल हा शब्दही कुणाच्या कानावर नव्हता. ही वाट जुनीच. बदललं ते एवढंच, की गावात थांबण्याजोगी वर्षं आता कमी होत चालली आहेत.

हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पावसात खंड पडतो आणि कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 पासून मध्य भारतातल्या मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तुमच्याच जिल्ह्यात बघा. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि वाशी, लोहारा, धाराशिव हे तालुके दुष्काळी जाहीर झाले. दोनच वर्षांनी, सप्टेंबर 2025 मध्ये, भूम-परंड्यात पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. कित्येकांची जमीनच खरडून गेली. बुडालेलं पीक पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं, वाहून गेलेली माती तशी परत येत नाही.

आता हे गाव सोडण्याशी कसं जोडलं जातं ते पाहा. सोयाबीनला खंडाचा ताण बसतो शेंगा भरताना आणि पाऊस गाठतो काढणीला. दसरा-दिवाळीला हातात पैसा नाही, दुकानदाराची उधारी डोक्यावर आणि नेमका त्याच सुमाराला मुकादम उचल घेऊन दारात उभा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल घेतली की पुढचे पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात फडावर. पहाटेपासून तोडणी, वाढे कापणं, मोळ्या बांधणं, गाडी भरणं. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. मग पुढचा पाऊस चांगला झाला तरी जावंच लागतं. माझ्या मते मेख इथेच आहे : एका वर्षाचा बिघडलेला पाऊस दोन-तीन वर्षांचं जाणं ठरवून टाकतो.

जगभरची गोष्टही फार वेगळी नाही. जागतिक बँकेच्या 2021 च्या अहवालानुसार 2050 पर्यंत 21 कोटी 60 लाखांपर्यंत लोकांना आपापल्या देशातच जागा बदलावी लागू शकते. आणि ज्यांना जाताही येत नाही, त्यांचे हाल निराळेच. म्हातारी माणसं, एकट्या बायका मागे राहतात. त्यातल्या कुणाच्या दावणीला दोन उस्मानाबादी शेळ्या असतील, तर अडीनडीला तेवढाच आधार.

तुमच्या गावातून यंदा जोड्या जाणार असतील, तर एक कराच. शाळा व्यवस्थापन समितीला त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दसऱ्याआधी पाठवायला लावा. ट्रक हलल्यावर केलेल्या ठरावाचा त्या मुलांना काहीही उपयोग नाही.