अफगाण युद्धाचा हिशेब आणि वित्तीय उत्तरदायित्व

सार्वजनिक निधीचा हिशेब लागत नाही तेव्हा जबाबदार कोण, हा प्रश्न वसाहतकालीन भारतात १८८० मध्ये ठळकपणे पुढे आला.

१८७८ मध्ये दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले. फेब्रुवारी १८८० मध्ये वित्त सदस्य सर जॉन स्ट्रॅची यांनी शिलकी अंदाजपत्रक मांडले. त्यात युद्धाचा खर्च साठ लाख पौंडांहून कमी दाखविला होता. प्रत्यक्षात तो सुमारे पावणेदोन कोटी पौंडांवर गेला.

येथे अपहार झाला नव्हता. दोष हिशेबाच्या पद्धतीत होता. कोषागारांतून लष्कराला रोख रक्कम तात्काळ दिली जाई. लष्करी खात्याची आकडेवारी मात्र तपासणीनंतर, कित्येक महिन्यांनी तयार होई. अंदाज या मागे पडलेल्या आकड्यांवर बेतला गेला. कोषागारांतील शिल्लक झपाट्याने घटू लागली, तेव्हा चूक उघड झाली.

स्ट्रॅची टीकेचे धनी झाले आणि १८८० च्या अखेरीस त्यांनी पद सोडले. ब्रिटिश सरकारने ५० लाख पौंडांचा वाटा उचलला. उर्वरित भार भारतीय करदात्यावर पडला. या करदात्याला जाब विचारण्याचे व्यासपीठच नव्हते. भारत सरकार भारतमंत्र्यास आणि त्याच्यामार्फत ब्रिटिश संसदेस उत्तरदायी होते. महालेखापरीक्षकाचे पद १८६० पासून अस्तित्वात होते. परंतु ते सरकारच्याच अधीन होते.

पुढील टप्पे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत :

• १८९२ : विधान परिषदेत अंदाजपत्रकावर चर्चेची मुभा, मतदान नाही.
• १९१९ : महालेखापरीक्षकास कायद्याने मान्यता.
• १९२१ : केंद्रीय लोकलेखा समितीची स्थापना, अध्यक्षपदी मात्र वित्त सदस्यच. लष्करी खर्च मतदानाबाहेर.
• १९५० : राज्यघटनेच्या अनुच्छेद १४८ ते १५१ नुसार स्वतंत्र नियंत्रक व महालेखापरीक्षक, त्याचे अहवाल संसदेपुढे. लोकलेखा समिती लोकसभाध्यक्षांच्या नियंत्रणाखाली.
• १९६७ पासून : समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत.

एका अधिकाऱ्याने पद सोडल्याने उत्तरदायित्व पूर्ण होत नाही. त्यासाठी वेळेवर हिशेब, स्वतंत्र लेखापरीक्षण आणि लोकप्रतिनिधींची छाननी ही तीनही अंगे आवश्यक असतात. १८८० मध्ये पहिले अंग कोलमडले आणि उरलेली दोन अस्तित्वातच नव्हती, हा या प्रकरणाचा खरा धडा होय.