जीपीएस बंद पडल्यावर किनारा कसा गाठावा?

प्रश्न (सूरजागड) : समुद्रात हौशी होडीवरचे जीपीएस बंद पडले तर?

उत्तर : होकायंत्र, घड्याळ आणि कागदी नकाशा एवढ्यावर काम भागते. शेवटच्या खात्रीच्या ठिकाणापासून वेग, दिशा आणि वेळ मांडत जावे: ५ नॉट वेगाने २ तासांत १० सागरी मैल. भरती-ओहोटीची ओढ मात्र हिशेबात धरावी. नवखे नेमके तेच विसरतात. रात्री ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे जवळजवळ अक्षांशच. हात ताठ धरला, की एक मूठ सुमारे १० अंश भरते. गडचिरोलीतल्या सूरजागडला काय नि किनाऱ्यावरच्या सातपाटीला काय, तारा दोनेक मुठी वर. तेव्हा सराव गडचिरोलीतही होतो. रेखांशाला सेक्स्टंट (कोन मोजण्याचे उपकरण) आणि अचूक वेळ लागते. २०१८च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत भारतीय नाविक अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’ होडीवरून, वाट शोधायला उपग्रहांची मदत न घेताच निघाले होते. कोकणासमोर वाट चुकल्यास पूर्वेला जमीन लागतेच, पण खडकांपायी उजाडेपर्यंत बाहेरच थांबावे.