कायदेशीर लेखनात संक्षेपांची मर्यादा

ग्रामसभेचा ठराव, जमिनीचा दस्त किंवा कार्यालयीन आदेश त्या दिवसापुरता लिहिला जात नाही. लिहिणारा बदलून गेल्यावर, वीस-पंचवीस वर्षांनीही तो एखाद्या अनोळखी व्यक्तीला वाचावा लागतो. म्हणून अशा लेखनात चार अक्षरांच्या बचतीपेक्षा अर्थाची निश्चिती अधिक मोलाची असते.

संदिग्धता कोठे उद्भवते, हे नित्याच्या कागदांवरून ध्यानात येईल. ‘अ. क्र. ७ मंजूर’ या नोंदीतील ‘अ. क्र.’ म्हणजे यादीतील अनुक्रमांक की अर्ज क्रमांक? दोन्ही अर्थ संभवतात. लाभ मात्र एकाच अर्जदाराला मिळावयाचा असतो. ‘ग्रा. वि. अ.’ म्हणजे ग्रामविकास अधिकारी आणि ‘ग. वि. अ.’ म्हणजे गट विकास अधिकारी. एका अक्षराच्या फरकाने पद व अधिकार दोन्ही बदलतात. जमीन एकत्रीकरण योजना झालेल्या गावात नुसते ‘नं. ४५’ लिहिल्यास तो जुना सर्व्हे नंबर की नवा गट नंबर, हे कळत नाही.

सातबाऱ्यावरील दोन संक्षेपांत तर कुटुंबियांचे हक्कच सामावलेले आहेत. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हा शेरा ज्याच्या नावापुढे असतो, तो एकटा मालक नसून कुटुंबातील इतरांच्या वतीनेही त्याचे नाव लागलेले असते. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ अन्वये अज्ञानाची स्वतंत्र स्थावर मिळकत नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. या तीन अक्षरांचा अर्थ न उमगल्यास खरेदीदार फसतो आणि अज्ञानाला सज्ञान झाल्यावर न्यायालयाची पायरी चढावी लागते.

याचा अर्थ संक्षेप सर्वस्वी वर्ज्य करावेत, असा नाही. ‘रु.’, ‘क्र.’ यांसारखे सर्वपरिचित संक्षेप निर्धोक आहेत. लांब नावांसाठी विधिलेखनातीलच पद्धत अनुसरावी. सुधारणा करणाऱ्या अधिनियमात मूळ कायद्याचे पूर्ण नाव एकदा देऊन पुढे त्याचा निर्देश ‘मुख्य अधिनियम’ असा करतात. त्याचप्रमाणे ठरावात समितीचे पूर्ण नाव प्रथम लिहावे व पुढे केवळ ‘समिती’ म्हणावे. आद्याक्षरांपेक्षा असा अर्थवाही शब्द वाचकाला सोयीचा पडतो. व्यक्तीचे नाव, पदनाम, गाव, तालुका व मिळकतीचा क्रमांक मात्र नेहमी पूर्ण लिहावा.

स्वाक्षरीपूर्वी ठराव सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. ज्या अक्षरांचा अर्थ एखाद्या सभासदाला विचारावा लागेल, ती तेथेच पूर्ण शब्दांत लिहून काढावीत.