बीपीची गोळी आधीच सुरू केली तर?

प्रश्न : पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात माझं बीपी एकदम चढलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली आणि चौतिसाव्या आठवड्यातच सिझेरियन करावं लागलं. आता पुन्हा दिवस गेले आहेत, नववा आठवडा चालू आहे. सध्या बीपी ११०/७० आहे. तरी आतापासूनच बीपीची गोळी घेतली तर या वेळी ते टळेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. मागच्या खेपेला तुम्हाला जे झालं, त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. तो एकदा झाला की पुढच्या खेपेला होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पण बीपी नॉर्मल असताना गोळी घेतल्याने तो टळत नाही, कारण या दुखण्याचं मूळ वारेत आहे.

गर्भाशयाच्या भिंतीत नागमोडी, बारीक धमन्या असतात. वार रुजताना तिच्या पेशी या धमन्यांत शिरून त्या रुंद करतात, म्हणून बाळाला भरपूर रक्त मिळतं. हे काम साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत उरकतं. ते अर्धवट राहिलं तर वारेला रक्त कमी पडतं आणि तिच्यातून आईच्या रक्तात असे पदार्थ उतरतात, जे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. बीपी चढतं ते त्यामुळे. गोळी आकडा उतरवेल, पण वारेचं राहिलेलं काम पुरं करणार नाही.

ज्यांना गरोदरपणाआधीपासूनच बीपी आहे, त्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत अशा २,४०० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या ‘चॅप’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एका गटाचं बीपी औषधांनी १४०/९० च्या खाली ठेवलं. दुसऱ्या गटाला ते फार चढल्याशिवाय औषध दिलं नाही. प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण दुसऱ्या गटात ३१ टक्के, तर पहिल्या गटात २४ टक्के होतं आणि औषधांमुळे बाळांची वाढ खुंटली नाही. त्यासाठी लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन वापरतात. बीपी धोकादायक चढलेल्या गरोदर स्त्रियांवर नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत या दोन्ही गोळ्या आणि जुनी मिथाइलडोपा, तिन्ही कामाच्या ठरल्या. टेल्मिसार्टन, रामिप्रिल मात्र गरोदरपणात चालत नाहीत. त्यांनी बाळाच्या किडनीला अपाय होतो. घरातल्या कुणाची बीपीची गोळी म्हणूनच कधीही घेऊ नका.

तुमच्यासाठी खरा प्रश्न ॲस्पिरिनचा आहे. २०१७ च्या ‘ॲस्प्रे’ अभ्यासात जास्त धोका असलेल्या स्त्रियांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. दिवस भरण्याआधी, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत, होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. वेळ इथे फार मोलाची आहे : बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरुवात व्हावी, सोळावा उलटू देऊ नये. तुम्ही अगदी वेळेवर विचारलं आहे. याच आठवड्यात मागच्या बाळंतपणाचे कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. दमा, अल्सर किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. डोस त्यांनाच ठरवू द्या. आहारात दूध-दही, नाचणी कमी असेल तर कॅल्शियमबद्दलही विचारा.

बीपी मोजताना आधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीत. आकडा १४०/९० किंवा वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.